बांधायची परवानगी

चंदीगड
१५ नोव्हेंबर १९८७

दादा,

वर 'ती.' लिहून खोडलेलं तुला दिसेलच. नवा कागद घ्यावासा वाटला नाही.

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि पहिलीच ओळ अशी: 'तू स्वतः नर्स असताना अण्णा पडतात कसे?' ते आता कसे आहेत, हे दुसऱ्या पानावर विचारलं आहेस. स्मितानं पुण्याला पोचल्या पोचल्या सरलावहिनीच्या कानावर घातलेलं दिसतंय. स्मिताचे यजमान इथे एअर फोर्समध्ये आहेत. मंडळाच्या गणपतीत ओळख निघाली म्हणून मी मॅट्रन आहे त्या वृद्धाश्रमात आली, अण्णांच्या कपाळावरची पट्टी पाहिली, चहा प्यायली आणि गेली.

पडले ते असे. आमचं गोधूली सदन सेक्टरच्या अगदी कडेला आहे, पलीकडे मोकळं रान. उन्हाळ्यात तिकडच्या एका बंगल्यावर गोळीबार झाला, तेव्हापासून ट्रस्टचे सेक्रेटरी सेखरीसाहेब यांनी हुकूम काढला की दिवेलागणीनंतर व्हरांड्यात आणि बोळात एकही दिवा लावायचा नाही. उजेड दिसला की अतिरेकी येतात म्हणे. अतिरेकी आजवर आले नाहीत. पण खाटांपासून संडासापर्यंतचा बोळ अंधारात गेला. फरशी मोझेकची, तीही आया संध्याकाळी ओली पुसून ठेवायची. अण्णा पायमोजे घालून निघाले होते. संध्याकाळचा चहा नुकताच झाला होता.

त्यात माझं काय चुकलं ते तू शोध. मी काय केलं ते सांगते. बोळाच्या दोन्ही भिंतींना कमरेइतक्या उंचीवर जाड दोर ताणून बांधून घेतला. जमिनीलगत झिरोचे दिवे लावले आणि त्यांवर डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून असा वाकवला की उजेड फरशीवरच पडावा, बाहेर दिसू नये. पुसणं सकाळी. सुतार बोलावून खाटांचे पाय कापले, म्हणजे उतरताना पाऊल जमिनीला टेकतं. सगळ्यांना रबरी तळाचे कापडी बूट. सेखरीसाहेब कुरकुरले, पण करू दिलं. त्यानंतर एकही म्हातारं माणूस पडलेलं नाही. हे स्मिताला दिसलं नाही, कारण न पडलेली माणसं दिसत नाहीत.

अण्णा दिवसभर चालत असतात. 'कुठे निघालात?' विचारलं तर म्हणतात, 'मोजणी राहिली आहे.' मोजणी खात्यातल्या नोकरीतली सगळी शेतं ते पुन्हा मोजून काढताहेत. बरोबर बहुतेक वेळा शेजारच्या खाटेवरच्या बीजी, म्हणजे पंजाबीत आई, असतात. त्या लायलपूरच्या, फाळणीत इकडे आलेल्या. मुलाचं, हरजिंदरचं, मोहालीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याची बायको वारली, घरी दिवसभर कुणी नाही, म्हणून आईला इथे ठेवलं आहे. दर रविवारी येऊन तिच्या पायांना तेल चोळतो. बीजी पंजाबी बोलतात, अण्णा मराठी. दोघं दोर धरून व्हरांडाभर फिरतात आणि एकमेकांना सगळं समजतं.

सेखरीसाहेबांच्या डोक्यात आता आणखी एक खूळ आहे. जे फार चालतात त्यांना दुपारी खुर्चीला पट्ट्यानं बांधून ठेवायचं. कुणी फाटकाबाहेर गेलं आणि सीआरपीच्या नाक्यावर सापडलं तर जबाबदारी कोणाची, असं विचारतात. मी सरळ नाही म्हटलं. लष्करी इस्पितळात मी शुद्धीवर नसलेल्या जवानांनाही बांधू दिलं नव्हतं.

तुला काळजी वाटते असं लिहिलं आहेस. वैष्णोदेवीला जाताना अण्णांना होल्डॉलसकट अंबाल्याच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या हवाली केलंस. परतीच्या गाडीला मी त्यांना धुतलेलं धोतर नेसवून पुन्हा तिथेच घेऊन आले होते. तू खिडकीतून म्हणालास, 'पंजाब पेटलंय, इथे उतरणं बरं नव्हे, पुढच्या खेपेला नेतो.' मग गाडी हलली. ती काळजी मला आठवते.

विनया

*

चंदीगड
१० जानेवारी १९८८

दादा,

माझ्या पत्राचं उत्तर तू मला पाठवलं नाहीस. सेखरीसाहेबांना पाठवलंस. तेही इंग्रजीत, टाइप करून.

त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. समोर शेगडी, हातात तुझं पत्र.

"मॅट्रनजी, आप तो मना करती थीं. लीजिए, बेटे की इजाजत आ गई."

मी म्हटलं, "मी मुलगी आहे त्यांची. रोज त्यांना मी आंघोळ घालते."

"वो तो ठीक है जी. पर बेटा बेटा होता है. और कितनी समझदारी की बात लिखी है."

मग त्यांनी मला वाचून दाखवलं. वडिलांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तो बंदोबस्त करावा, प्रसंगी बांधून ठेवावं, कुटुंबाची हरकत नाही, बहीण भावनेच्या भरात निर्णय घेते. भावनेच्या भरात! दादा, मी पासष्ट आणि एकाहत्तर सालच्या जखमींची ड्रेसिंगं केली आहेत. तुला इंजेक्शन द्यायचं म्हटलं की घेरी यायची.

तू कुटुंब म्हणून सही केलीस. त्या कुटुंबात मी कुठे आहे?

पट्टे आले. खाटांना लावतात तसल्या नवारीचे, मागे बकल. पहिल्या दिवशी अण्णांना बांधलं तेव्हा मी गच्चीवर चादरी मोजून घेत होते. खाली आले तर अण्णा ओशाळवाणे हसत होते, जणू काही चुकून त्यांच्याच हातून झालं होतं. म्हणाले, "अहो, जरा हे सोडता का? साहेबांचा समज झालाय की मी पळून जाईन." मी सोडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलं, मी पुन्हा सोडवलं. आता असं आहे की मी समोर असले की पट्टे भिंतीवर लटकतात, पाठ वळली की खुर्चीवर. त्यामुळे मी सदनाबाहेर जाणंच सोडलं आहे. भाजीलासुद्धा जात नाही.

आणि तुझ्या पत्राचा आणखी एक उपयोग झाला. सेखरीसाहेब म्हणाले, एका शिकलेल्या मुलानं लिहून दिलं, म्हणजे बाकीच्यांची हरकत असायचं कारण नाही. हरजिंदरला कुणी विचारलं नाही. बीजींनाही आता पट्टा आहे. त्या शिव्या देतात, अगदी अस्सल. आयेच्या हाताला चावल्यासुद्धा. त्यावर आया म्हणते, बघा, बांधायलाच हवं.

ते पत्र मागे घे. एक तार कर, एवढंच मागते. 'परवानगी रद्द.' दोन शब्द.

विनया

*

चंदीगड
६ मार्च १९८८

दादा,

तार आली नाही.

बीजी गेल्या. मंगळवारी. कशा गेल्या ते तुला मी सांगणार आहे आणि तू शेवटपर्यंत वाचायचं आहेस.

अण्णांची रक्तदाबाची औषधं संपली होती आणि आमच्या मार्केटातल्या केमिस्टकडे नव्हती, म्हणून सकाळी अकराच्या बसनं सेक्टर सतराला गेले. निघताना आयेला बजावलं, "कुणाला बांधायचं नाही." ती "जी मॅडमजी" म्हणाली. औषधं घेऊन स्टँडवर आले तर बस बंद. सदनाच्या मागच्या मार्केटात सायकलला लावलेल्या डब्यात स्फोट झाला होता. रिक्षावाले तिकडे यायला तयार नाहीत. मी चालत निघाले. प्रत्येक चौकात नाका, पिशवी उघडा, कुठे चाललात, का चाललात. एका पोरसवदा जवानाला मी हिंदीत एवढी ओरडले की त्यानं बाजूला होऊन सलाम ठोकला.

फाटकाला आतून कुलूप. हाका मारमारून घसा सुकला तेव्हा चौकीदार जिन्याखालून बाहेर आला. स्फोट झाल्याबरोबर आया स्वतःच्या मुलांकडे पळाली होती, तिला मी दोष देत नाही. दोघं अटेंडंट काय झालं ते बघायला मार्केटात गेले होते. जे खाटेवर होते ते खाटेवर होते. आणि व्हरांड्यात, उन्हात, दोन खुर्च्या.

बीजींनी सुटायची धडपड केली असणार. खाली सरकत सरकत अंग खुर्चीतून निसटलं आणि पोटावरचा पट्टा गळ्याशी आला. बकल मागे. त्यांचा हात तिथवर कसा पोचणार? मी पट्टा कापला, फरशीवर झोपवलं, जे जे करतात ते सगळं केलं. अंग गार होतं. उन्हात असूनही गार.

अण्णा शेजारच्या खुर्चीत. बांधलेले. स्वतःचा पट्टा ओढून ओढून त्यांच्या दोन बोटांची नखं उलटली होती, धोतरावर रक्त. आवाज बसला होता, म्हणजे ते ओरडत असणार, आणि फाटकाच्या आत ऐकून धावून येणारं कुणी नव्हतं. मला पाहून ते म्हणाले, "सिस्टर, आधी ह्या बाईंना सोडा. माझं नंतर बघा."

गेल्या पत्रात मी लिहिलं नव्हतं, पण ते मला आता ओळखत नाहीत. सिस्टर म्हणतात.

दुपारी सेखरीसाहेब आले. मला ऑफिसात बसवलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं. म्हणाले, बीजींचं हृदय कमजोर होतंच. धमाक्याच्या आवाजानं बंद पडलं. डॉक्टरही तसंच म्हणताहेत. डॉक्टर त्यांचे मेहुणे. मी म्हटलं, गळ्यावर वळ आहे. ते म्हणाले, "मॅट्रनजी, आजकल इस शहर में कौन कैसे मरता है, कोई पूछता है?"

हरजिंदर आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. तो आईच्या पायांशी बसला होता. तेल लावल्यासारखा हात फिरवत होता, रिकामा हात. मग सेखरीसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरदारजी, थाने-कचहरी का जमाना नहीं है. आप तो समझते हैं." तो समजला. मीही समजले. पगडी बांधलेला तरुण माणूस या दिवसांत आपल्या पायांनी ठाण्यात जात नाही. त्याच्या शेजारचा एक गेला होता, त्याचा भाऊ अजून चौकशा करत फिरतो आहे.

मी बीजींच्या गळ्यावरची ओढणी बाजूला केली आणि त्याला वळ दाखवला. काय झालं ते सगळं सांगितलं, सेखरीसाहेबांच्या समोर. पट्टे कुणाच्या सांगण्यावरून आले हेही. तुझं नाव मी घेतलं, दादा. दिगंबर, माझा सख्खा मोठा भाऊ, असं सांगितलं.

मग मी ठाण्यात गेले. ठाणेदारानं ऐकून घेतलं आणि हसला. वाईट नव्हता, थकलेला होता. "मॅडम, बम से लोग मरे हैं, लाशें गिन रहा हूं. आप कुर्सी की रपट लिखवाने आई हैं?"

लिहून घेतलं नाही.

विनया

*

मोहाली
२१ एप्रिल १९८८

दादा,

यावेळी तुझं उत्तर किती लवकर आलं. एक्स्प्रेस डिलिव्हरी. मुलाचं, श्रीनिवासचं, लग्न ठरतंय, मुलीकडची माणसं मोठी आहेत, पोलिसांच्या भानगडीत आपलं नाव यायला नको, झालं ते झालं, बाई म्हाताऱ्याच होत्या. आणि शेवटी, 'माझा हेतू चांगला होता.' असेल. हेतू चांगला असल्याबद्दल मी कधी शंका घेतली नाही. तू लांब होतास एवढंच.

काळजी करू नकोस, पोलिसांत काही नाही. मी दुसऱ्या ठिकाणी बोलले.

बीजींचा भोग मोहालीच्या गुरुद्वाऱ्यात होता. तेराव्यासारखंच असतं त्यांच्यात. मी अण्णांना घेऊन गेले. सदनातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांची मुलं-सुना आल्या होत्या, सेखरीसाहेब पांढरा कुर्ता घालून पहिल्या रांगेत. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर लोक दोन शब्द बोलतात. सेखरीसाहेब बोलले. बीजी आमच्या सदनाची रौनक होत्या, दहशतवादानं आणखी एक बळी घेतला, वगैरे. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उठले. मी हिंदीत बोलले, आपल्या पुणेरी हिंदीत. म्हटलं, बीजींना बॉम्बनं मारलं नाही. खुर्चीला बांधलं होतं आणि सोडवायला कुणी नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या आईवडलांना दुपारी बांधतात ते तुम्हाला माहीत आहे का? घरी जायच्या आधी सदनात जा आणि त्यांची मनगटं, पोटं बघा. अतिरेकी येतील म्हणून आपण फाटकाला कुलूप लावलं, दिवे मालवले, म्हातारी माणसं खुर्चीला जखडली. ते आले नाहीत. जे केलं ते आपणच केलं.

सेखरीसाहेब उठून जायला लागले तेव्हा एक सून, प्रोफेसर आहे युनिव्हर्सिटीत, रागिणी नाव, तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "सेखरीजी, मेरी सास को बांधते हैं? हां या ना?" ते दाराकडे चालत राहिले. ती तिथूनच सदनात गेली. आणखीही गेले.

त्याच संध्याकाळी पट्टे गेले. बोळातला मोठा दिवा लागला. फाटकाची एक किल्ली आता आयेकडे असते म्हणे. चूक झाली असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. मॅट्रनचं वागणं शिस्तीला धरून नाही, असं कारण दिलं. अण्णांची खाट अर्थातच माझ्याबरोबर गेली.

वरचा पत्ता बघितलास? हरजिंदरच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तो म्हणाला, "बहनजी, नीचे का घर खाली है. बीजी के लिए बनवाया था, पर दिन में अकेली कैसे रहतीं." मी खूप वेळ नको म्हटलं. ज्या घरात आई परत यायची ती आमच्यामुळे आली नाही, त्या घरात कसं राहायचं? तर म्हणाला, "आप ने बताया. बाकी सब ने तो छुपाया." मग रडला. मीही.

दाराशी उंबरा होता, तो त्यानं तासून काढला. न्हाणीघरात पकडायला नळाचा पाइप बसवला, खरखरीत फरशी टाकली. अंगणाच्या फाटकाला कुलूप नाही, एक घंटा आहे. अण्णांनी फाटक ढकललं की वाजते आणि मी मागून जाते. ते मोजणी करतात, मी साखळीचं दुसरं टोक धरल्यासारखी चालते. शेजारी हसतात. हसू देत.

इथे येऊन त्यांना भेटायची इच्छा असेल तर ये. परवानगीची गरज नाही.

विनया

*

मोहाली
१९ जून १९८८

दादा,

अण्णा गेले. तार केली होती, ती तुला मिळाल्याचं सरलावहिनीच्या ट्रंक कॉलवरून कळलं. श्रीनिवासच्या साखरपुड्यात होतास, समजू शकते. वहिनी फोनवर रडली. मग तिनं विचारलं, "कसे गेले हो? परत पडले का?" तिच्या मागे तू उभा होतास. तुझा खोकला मला ओळखू येतो.

हो, पडले.

तुला हेच ऐकायचं होतं, तर नीट ऐक. अंगणाच्या कोपऱ्यात शहतूताचं, आपल्या तुतीचं, झाड आहे. मे महिन्यात शेवटची फळं खाली पडून सगळं जांभळं झालं होतं. मी रोज झाडून घ्यायची. त्या दिवशीही घेतलं होतं, पण वारा सुटला, पुन्हा पडली. दुपारचा चहा उकळत होता. ते माझ्या डोळ्यांसमोर गेले. मी खिडकीतून बघत होते, ते झाडाखाली वाकले, एक फळ उचललं, तोंडात टाकलं. दुसरं उचलायला पुढे झाले आणि पाय सरकला. मी चार ढांगांवर होते. चार ढांगा पुरल्या नाहीत.

खुब्याचं हाड. हरजिंदरनं उचलून गाडीत घातलं. इस्पितळात पाय वजनाला लावला, मग छातीत कफ झाला. या वयात होतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तू म्हणशील, बांधलं असतं तर जगले असते. कदाचित जगले असते. मी हा विचार रोज करते, तुझ्या मदतीशिवाय करते. बांधलं असतं तर कदाचित अजून दोन वर्षं त्या व्हरांड्यात बसले असते, ओशाळवाणं हसत. दोर बांधले, पाइप लावले, उंबरा तासला, आणि तरी माणूस एका फळावरून घसरला. मी त्यांना सुरक्षित ठेवू शकले नाही. हे मी तुला लिहून देते, हवं तर टाइप करून ठेव. पण ज्यांना सुरक्षित ठेवलं होतं त्या बीजींचं काय झालं ते मी माझ्या हातांनी पाहिलं आहे.

अग्नी मी दिला. हरजिंदर आणि त्याच्या गल्लीतले लोक खांद्याला होते. भटजी सेक्टरातल्या मंदिरातून आणला. तो म्हणाला, मुलगा नाही का? मी म्हटलं, पुण्याला असतो. अस्थी इथे आहेत. हरिद्वार जवळ आहे, मी जाऊन येईन. तू निघू नकोस.

शेवटचं सांगते आणि संपवते. यानंतर मी तुला लिहिणार नाही.

जायच्या आदल्या सकाळी ते बरेच शुद्धीत होते. श्वास लागत होता पण बोलायचं होतं. मी तोंड पुसत होते. त्यांनी माझा हात धरला, नखं अजून नीट आलेली नव्हती, आणि म्हणाले, "सिस्टर, तुमची ड्यूटी कधी संपते?"

मी म्हटलं, "संपत नाही. का?"

"माझी मुलगी येईल. फार लांब नोकरीला असते ती, मिलिटरीत. मी झोपलेला असलो तर तिला सांगाल?"

"काय सांगू?"

"म्हणावं, झाडापर्यंत मी एकटा गेलो होतो. कुणी धरलं नव्हतं." आणि हसले, दादा. ओशाळवाणं नाही. आपण लहानपणी पाहिलं होतं तसं.

मी म्हटलं, सांगते.

निरोप तिला पोचला. तुझ्यासाठी काही म्हणाले होते का, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हते म्हणाले.

विनया